कोंग्सफ्योर्डची तूट

२०१० च्या उन्हाळ्यात आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात नऊ अवाढव्य पिशव्या तरंगत होत्या. पिशव्या पारदर्शक होत्या, पाण्याखाली पंधरा-सतरा मीटरपर्यंत लोंबत होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर समुद्राचं पाणी कोंडलेलं होतं. जर्मन सागरवैज्ञानिक उल्फ रीबेसेल यांच्या पुढाकारानं युरोपातल्या संशोधकांनी हा प्रयोग मांडला होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तर पुढच्या शंभर वर्षांत ध्रुवीय समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचं काय होईल, हे त्यांना पाहायचं होतं. म्हणून काही पिशव्यांत थोडा, काहींत जास्त असा कार्बन डायऑक्साइड विरघळवला गेला. त्या प्रयोगातून पुष्कळ काही समजलं. वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा फायदा सगळ्यात बारीक प्लवकांना होतो आणि त्यामुळे पुढच्या अन्नसाखळीची घडी बदलू शकते, हे त्यातलं एक. पण या प्रकरणासाठी मला त्यातला अगदी साधा आकडा हवा आहे. ज्या पिशव्यांत बाहेरून काहीच मिसळलं नव्हतं, म्हणजे जिथे फ्योर्डचं पाणी जसंच्या तसं होतं, तिथे कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे १८५ मायक्रोअ‍ॅटमॉस्फियर होता. त्याच वेळी वरच्या हवेत तो ३९० च्या आसपास होता.

म्हणजे पाण्यात हवेच्या निम्म्याहून कमी. हवा आणि पाणी एकमेकांना खेटून उभे, मध्ये ना झाकण ना भिंत, आणि तरी एवढा फरक. वायूचा स्वभाव जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाण्याचा, तेव्हा हा फरक लगेच मिटायला हवा होता. तो मिटला नव्हता. ही तूट कुठून आली आणि ती भरून का निघत नाही, या दोन प्रश्नांमध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या पाण्याचं अख्खं वर्ष सामावलेलं आहे.

आधी जागा पाहू. फ्योर्ड म्हणजे हिमनदीनं डोंगर कोरून तयार केलेली आणि नंतर समुद्रानं भरलेली लांब, खोल खाडी. कोंग्सफ्योर्ड स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ७९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. लांबी वीसएक किलोमीटर, रुंदी चार ते दहा. आतल्या टोकाला क्रोनेब्रीन, कोंग्सव्हेगन, कोंग्सब्रीन अशा हिमनद्या थेट पाण्यात उतरतात. पुष्कळ फ्योर्डांच्या तोंडाशी पाण्याखाली उंबरठ्यासारखा उंचवटा असतो आणि तो बाहेरच्या खोल पाण्याला अडवतो. कोंग्सफ्योर्डला असा ठळक उंबरठा नाही. त्यामुळे अटलांटिकमधून उत्तरेकडे निघालेला कोमट, खारट प्रवाह किनाऱ्यालगत वाहत येतो आणि समुद्रतळावरच्या घळीतून आत शिरू शकतो. एका बाजूनं अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूनं हिमनद्या, असं हे दोन पाण्यांचं खेचाखेचीचं ठिकाण आहे.

दक्षिण काठावर नी-ऑलेसुंड हे गाव आहे. पूर्वी ही कोळशाच्या खाणीची वस्ती होती. १९६२ च्या नोव्हेंबरात खाणीत स्फोट होऊन एकवीस माणसं गेली, खाण बंद झाली आणि हळूहळू गाव संशोधकांचं झालं. आज तिथे अनेक देशांची केंद्रं आहेत. त्यात भारताचं ‘हिमाद्री’ १ जुलै २००८ पासून आहे. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. २०१४ च्या जुलैत याच फ्योर्डमध्ये भारतानं ‘इंडआर्क’ ही वेधशाळा तळाला नांगरली. सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात एका दोरावर ओवलेली उपकरणं, तापमान, क्षार, प्रवाह टिपत वर्षभर अंधारात उभी. आत कोमट पाणी किती आलं आणि कधी आलं, हे ती सांगतात, आणि पुढे दिसेल की आपल्या तुटीचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

आता रसायनशास्त्र थोडंसं, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. ऑक्सिजन पाण्यात विरघळतो तेव्हा ऑक्सिजनच राहतो. कार्बन डायऑक्साइड तसा राहत नाही. पाण्याशी संयोग पावून त्याचं बहुतांशी बायकार्बोनेट होतं, थोडं कार्बोनेट होतं, आणि थंड समुद्राच्या पाण्यातल्या एकूण विरघळलेल्या अजैविक कार्बनपैकी जेमतेम एक टक्का मोकळ्या कार्बन डायऑक्साइडच्या रूपात उरतो. हवेशी देवाणघेवाण करतो तो फक्त हा एक टक्का. बाकीचा साठा मागे उभा असतो आणि मोकळा वायू कमी-जास्त झाला की त्याची भरपाई करतो. म्हणून समुद्राच्या पोटात एवढा कार्बन मावतो, आणि म्हणूनच त्याला हवेशी बरोबरी साधायला इतका वेळ लागतो. साधारण वाऱ्यात तीस मीटर जाडीचा वरचा थर ऑक्सिजनच्या बाबतीत एक-दोन आठवड्यांत हवेशी समतोल गाठतो. कार्बन डायऑक्साइडसाठी त्याच थराला काही महिने लागतात.

किती वायू पार होईल हे तीन गोष्टींवर ठरतं: दाबातला फरक, वायूची विद्राव्यता आणि वारा. थंड पाण्यात हा वायू जास्त विरघळतो. शून्य अंशाच्या पाण्यात तो आपल्याकडच्या उबदार पाण्याच्या जवळपास दुप्पट मावतो. वाऱ्याचा परिणाम मात्र सरळ प्रमाणात नाही. वेग दुप्पट झाला की देवाणघेवाण साधारण चौपट होते. शांत उन्हाळी दिवसात आरशासारख्या फ्योर्डमध्ये पाण्याला कितीही भूक असली तरी तोंडात घास पडत नाही. एखादं वादळ दोन दिवसांत जे करतं ते शांत हवेचे दोन आठवडे करत नाहीत.

आता वर्षाची सुरुवात करू. इथे ती जानेवारीत करण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यानंतरच क्षितिजावर येतो, आणि १८ एप्रिलच्या सुमारास तो मावळायचाच थांबतो. हिवाळाभर पाणी ढवळलेलं असतं, तळाकडची पोषकद्रव्यं वर आलेली असतात, नायट्रेट प्रतिलिटर दहा मायक्रोमोलच्या आसपास असतं. सगळं जेवण वाढून ठेवलेलं, उणीव फक्त उजेडाची. तो आला की एप्रिल-मे महिन्यांत वनस्पतिप्लवकांना बहर येतो. काचेसारख्या सिलिकाच्या कवचात राहणारे डायटम आणि चिकट गोळ्यांच्या वसाहती करणारा फिओसिस्टिस हे यातले मुख्य. आपल्याला न दिसणारी ही वनस्पती काही आठवड्यांत वरच्या थरातलं नायट्रेट जवळजवळ संपवून टाकते.

इथे एक छोटा हिशेब मांडण्याजोगा आहे, कारण त्यातूनच १८५ या आकड्याचा उगम समजतो. समुद्री प्लवकांच्या शरीरात नायट्रोजनच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण साडेसहा अणू असतात. अमेरिकी सागरवैज्ञानिक आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी हे प्रमाण शोधलं, त्यांच्याच नावानं ते ओळखलं जातं. म्हणजे दहा मायक्रोमोल नायट्रेट संपलं तर सुमारे ६५ मायक्रोमोल कार्बन पाण्यातून उचलला गेला. पाण्यात एकूण कार्बन दोन हजारांहून जास्त, एकवीसशेच्या घरात. म्हणजे घट फक्त तीन टक्के. तीन टक्क्यांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण मोकळ्या वायूचा दाब एकूण कार्बनच्या प्रमाणात बदलत नाही. त्याच्या कितीतरी पट बदलतो. उष्ण कटिबंधात ही पट नऊ-दहा असते, थंड ध्रुवीय पाण्यात तेरा ते पंधरा. तीन टक्के घटीमुळे दाब चाळीस टक्क्यांच्या आसपास कोसळू शकतो. हिवाळ्याच्या अखेरीस ३५०-३७० असलेला दाब नुसत्या या एका बहरानं अडीचशेच्या खाली येऊ शकतो. वसंतात नायट्रेटशिवायही थोडी पोषकद्रव्यं पुन्हा फिरतात, प्लवक गरजेपेक्षा जास्त कार्बन बांधतात, आणि १८५ चा आकडा मग आवाक्याबाहेरचा वाटत नाही.

मला या गणितातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. थंड पाणी जास्त कार्बन डायऑक्साइड शोषतं, एवढंच आपण शाळेत शिकलो आणि तिथेच थांबलो. पण कोंग्सफ्योर्डची वसंतातली तूट थंडीनं पाडलेली नाही, ती जिवांनी पाडलेली आहे. उलट वसंत ते उन्हाळा पाणी तापतच जातं, आणि एका अंशाला दाब चार टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. उणे एकपासून सहा अंशांपर्यंत सात अंशांची वाढ धरली तर नुसत्या तापण्यानं दाब एक तृतीयांश चढायला हवा. तरीही उन्हाळाभर पाणी हवेपेक्षा खूप खाली राहतं. म्हणजे बहरानं पाडलेली तूट इतकी खोल असते की तापमानाची चढण तिला पुरी पडत नाही.

आणि हवा? तिला तूट भरायला वेळ हवा, तो मिळत नाही. बहर सहा आठवड्यांत जे खातो, ते हवेला परत द्यायला महिने लागतात. वाणसामानाच्या दुकानात एकदम मोठी उधारी व्हावी आणि मग ती महिन्याला थोडी थोडी फेडत राहावी, आणि फिटते न फिटते तोच पुढच्या वर्षीची उधारी उभी राहावी, तसं हे खातं चालतं. फरक इतकाच की इथे उधारीवर माल उचलतं ते पाण्यातलं जीवन आणि फेड करते ती हवा.

जूनअखेर हिमनद्या मोकळ्या होतात आणि फ्योर्डचा रंग बदलतो. आतल्या भागात पाणी तांबूस-तपकिरी होतं, कारण वितळलेलं पाणी खडकांचा दळलेला गाळ घेऊन येतं. हे पाणी बहुतेक हिमनदीच्या पायथ्याशी, समुद्रपातळीच्या कितीतरी खाली बाहेर पडतं. ते गोडं, म्हणजे हलकं, म्हणून बर्फाच्या भिंतीला घासत वर उसळतं आणि येताना भोवतालचं खोल, पोषक समुद्रपाणी ओढून आणतं. पृष्ठभागावर आलेल्या त्या गढूळ वर्तुळावर किट्टीवेक नावाचे कुरव पक्षी शेकड्यांनी घिरट्या घालतात, कारण खालून ओढले गेलेले, क्षारातल्या अचानक बदलानं गांगरलेले प्राणिप्लवक त्यांना सहज मिळतात.

या वितळपाण्याचे कार्बनच्या हिशेबावर परिणाम एकमेकांविरुद्ध जातात, म्हणून जरा थांबून पाहायला हवेत. गाळामुळे उजेड अडतो. हिमनदीच्या अगदी जवळ प्लवक वाढूच शकत नाहीत. थोडं दूर, गाळ बसल्यावर मात्र खालून आलेली पोषकद्रव्यं उपयोगी पडतात आणि उन्हाळ्यातही थोडी वाढ सुरू राहते. गोड्या पाण्याचा थर वर पसरला की तो खालच्या खारट पाण्यात सहज मिसळत नाही, त्यामुळे खालून येणारा कार्बनही रोखला जातो. शिवाय नुसतं गोडं पाणी मिसळण्यानेही दाब घटतो. क्षार आणि कार्बन दोन्ही पातळ होतात, पण मोकळ्या वायूचा दाब त्यांच्यापेक्षा जास्त वेगानं पडतो. ग्रीनलंडमध्ये नूकजवळच्या गोथोब फ्योर्डमध्ये वर्षभर केलेल्या मोजणीत हे स्पष्ट दिसलं: हिमनदीचं पाणी आणि जिवांची वाढ या दोहोंनी मिळून ते फ्योर्ड हवेतून कार्बन ओढणारी जबरदस्त जागा बनवली आहे.

कोंग्सफ्योर्डमध्ये यात आणखी एक घटक आहे, तो म्हणजे दगड. फ्योर्डच्या मधोमध ब्लोमस्ट्रान्ड हे बेट आहे. हिमनदीनं ते मुख्य भूमीला जोडलेलं होतं तोवर सगळे त्याला द्वीपकल्प समजत. १९९० च्या दशकात बर्फ मागे हटला आणि पलीकडे पाणी निघालं. या बेटावर संगमरवर आहे. १९११ मध्ये अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज माणसानं तिथे खाण सुरू केली, यंत्रं आणली, घरं बांधली. पण हा संगमरवर हिमानं आतून भेगाळलेला होता, तो टिकला नाही आणि उद्योग बुडाला. मॅन्सफील्डच्या कामाचा नसलेला तो दगड पाण्याच्या कामाचा आहे. संगमरवर आणि चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हिमनदीनं दळलेली त्याची पूड पाण्यात विरघळते तेव्हा कार्बन डायऑक्साइड वापरला जातो आणि बायकार्बोनेट तयार होतं. पाण्याची क्षारता वाढते, कार्बन सामावण्याची जागा वाढते. स्वालबार्डच्या टेम्पेलफ्योर्डमध्येही हिमनदीच्या पाण्यातून असे कार्बोनेट येताना नोंदवले गेले आहेत. म्हणून ‘वितळलेलं पाणी समुद्राला आम्ल बनवतं’ असं एकच एक विधान सगळ्या आर्क्टिकला लागू करता येत नाही. हिमनदी कुठल्या खडकावरून आली हे विचारावं लागतं.

गावाच्या मागे झेपेलिन डोंगर आहे. त्यावर पावणेपाचशे मीटर उंचीवर, धुरापासून दूर, एक वेधशाळा आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. हवाईतल्या मौना लोआवर वर्षभरात हवेतला आकडा सहा-सात पीपीएमनं हलतो. झेपेलिनवर तो पंधराहून जास्त हलतो. कारण सैबेरिया आणि कॅनडातली प्रचंड जंगलं उन्हाळ्यात कार्बन ओढतात आणि उत्तरेकडची सगळी हवा त्यांच्या तालावर चालते. एप्रिलच्या सुमारास हवेतला आकडा कमाल असतो, ऑगस्टमध्ये किमान. म्हणजे फ्योर्ड सगळ्यात जास्त भुकेलं असतं तेव्हा हवाही सगळ्यात भरलेली असते, आणि ऑगस्टमध्ये पाणी जरा चढतं तोवर हवा खाली आलेली असते. दोघांमधली दरी उन्हाळ्याच्या शेवटी दोन्ही बाजूंनी अरुंद होते. फ्योर्डचा हिशेब करताना हजारो किलोमीटरवरचं जंगलही त्यात धरावं लागतं.

सप्टेंबरपासून वारे वाढतात. वरचं आणि खालचं पाणी पुन्हा मिसळायला लागतं. उन्हाळ्यात बुडालेले प्लवक, विष्ठा, मेलेले जीव खाली कुजलेले असतात, त्यातला कार्बन मिसळणीबरोबर वर येतो आणि दाब वाढवतो. मग हिवाळ्यात फ्योर्ड उलट दिशेनं, हवेत वायू सोडू लागत असेल, असा अंदाज सहज बांधता येतो. पण इथे थंडी मदतीला येते. पाणी सहा अंशांवरून शून्याखाली जाताना दाब पाव हिस्सा घटतो. खालून आलेला कार्बन आकडा वर ढकलतो, थंडी तो खाली दाबते, आणि दोघांच्या ओढाताणीत हिवाळ्याचं पाणी हवेच्या जवळ जातं, पण सहसा तिच्या खालीच राहतं. सगळ्यात जोराचे वारेही याच काळात वाहतात. दरी अरुंद, पण वारा मोठा. म्हणून अंधाराच्या महिन्यांतही थोडी थोडी फेड चालू राहते.

पूर्वी आतल्या भागात जानेवारी ते मे समुद्र गोठायचा. बर्फ हवेला अडवतो, पण तो नुसतं झाकण नव्हे. खारं पाणी गोठताना क्षार बाहेर फेकले जातात, आणि त्यांच्यासोबत विरघळलेला कार्बनही. हे जड, खारट पाणी खाली बुडतं. बर्फाच्या आतल्या छोट्या पोकळ्यांत मात्र इकाइट नावाचे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक राहतात, वसंतात बर्फ वितळला की ते विरघळतात आणि पाण्याला कार्बन ओढायला आणखी जागा करून देतात. ग्रीनलंडच्या यंग साउंडसारख्या ठिकाणी हा परिणाम बारकाईनं अभ्यासला गेला आहे. कोंग्सफ्योर्डमध्ये २००६ पासून परिस्थिती बदलली. त्या हिवाळ्यात कोमट अटलांटिक पाणी आत घुसलं आणि तेव्हापासून बहुतेक हिवाळ्यांत फ्योर्ड पूर्वीसारखं गोठत नाही.

आता वर्षाचा हिशेब. त्यासाठी शंभर-सव्वाशे किलोमीटर दक्षिणेला, लाँगयिअरब्येन शहराशेजारच्या अ‍ॅडव्हेन्टफ्योर्डला जावं लागेल, कारण तिथे २०१५ च्या मार्चपासून २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत महिन्या-महिन्याला पाणी काढून पाहिलं गेलं. २०१६ या वर्षात त्या फ्योर्डनं दर चौरस मीटरला हवेतून २९ ग्रॅम कार्बन घेतला. उजेडाच्या हंगामात जिवांनी पाण्यातून वर्षागणिक निव्वळ ६५ ते ८५ ग्रॅम उचलला होता. अख्ख्या वर्षाचा निव्वळ आकडा मात्र ३४ ग्रॅमच निघाला, कारण उरलेला अंधाराच्या महिन्यांत कुजून पाण्यात परत आला. ३४ आणि २९ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. जिवांनी वर्षाकाठी जेवढी तूट कायम ठेवली, जवळजवळ तेवढीच हवेनं भरून दिली. फक्त दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या महिन्यांत झाल्या.

आपल्या अरबी समुद्राचं खातं याच्या अगदी उलट आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात केलेल्या मोजण्यांतून दिसलं की अरबी समुद्र वर्षाचा बहुतेक काळ हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात सगळ्यात जास्त. तिथेही प्लवकांना बहर येतो, तोही मोठा. पण वारा खालून जे पाणी वर ओढतो त्यात कुजलेल्या जिवांचा कार्बन ठासून भरलेला असतो, आणि ते वर येऊन तापतं. बहर असूनही तूट पडत नाही. प्लवकं दोन्हीकडे आहेत. खालून वर काय येतं आणि ते तापतं की थंड होतं, यावर दिशा ठरते.

जो कार्बन परत येत नाही तो जातो कुठे? काही माशांत, पक्ष्यांत आणि बाहेरच्या समुद्रात, पण महत्त्वाचा वाटा तळाच्या गाळात. हिमनदीचा गाळ इतक्या वेगानं साचतो की बुडालेला सेंद्रिय कण कुजण्याआधीच गाडला जातो. जगातल्या सगळ्या फ्योर्डांचं क्षेत्रफळ महासागराच्या हजारातल्या एका भागाएवढंही जेमतेम भरेल, पण २०१५ च्या एका अभ्यासानुसार समुद्रतळात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे अकरा टक्के त्यांच्या तळात जातो. फ्योर्डांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त थक्क करणारा आकडा हाच.

हे सगळं मोजायचं कसं, याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. बाटलीत पाणी भरलं की आतले जीव श्वसन करत राहतात आणि घटकाभरात आकडा बदलून टाकतात. म्हणून भरल्याबरोबर त्यात मर्क्युरिक क्लोराइड हे विष टाकून सगळं थांबवावं लागतं. मग प्रयोगशाळेत क्षारता आणि एकूण कार्बन मोजतात, आणि ही मोजणी बरोबर आहे की नाही हे तपासायला कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत तयार झालेल्या प्रमाणित समुद्रपाण्याच्या बाटल्या वापरतात. अनेक दशकं जगभरच्या प्रयोगशाळा एकाच ठिकाणच्या त्या पाण्याशी आपला आकडा ताडून पाहत आल्या आहेत. पण बाटल्या भरायला माणूस लागतो, आणि माणसं उन्हाळ्यात येतात. त्यामुळे बरीच वर्षं आर्क्टिकच्या किनाऱ्यांचं ज्ञान म्हणजे उन्हाळ्याचं ज्ञान होतं. २०१५ पासून फ्रान्स आणि जर्मनीच्या संयुक्त केंद्रानं नी-ऑलेसुंडच्या धक्क्याजवळ बारा मीटर पाण्यात कार्बन डायऑक्साइड दर तासाला टिपायला सुरुवात केली. झाँ-पिएर गात्तुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या या नोंदी प्रसिद्ध केल्या. आर्क्टिकच्या किनाऱ्यावर तासागणिक, ध्रुवीय रात्रीसकट, अनेक वर्षं चाललेली अशी ही पहिलीच मालिका. भारतानंही २०२३ च्या डिसेंबरपासून हिमाद्रीवर हिवाळी मोहिमा सुरू केल्या आहेत. अंधाराच्या महिन्यांतली प्रत्येक नोंद सोन्याच्या मोलाची आहे, कारण फेड तेव्हाही चालू असते.

या खात्यात आता काय बदलतंय? एक, बहराची वेळ. डायटमांचे सुप्त बीजकण हिवाळ्यात तळाशी पडून असतात. पृष्ठभाग गोठला, जड झालेलं पाणी तळापर्यंत बुडालं की त्या ढवळणीत ते वर येतात आणि एप्रिलमध्ये उजेड मिळाला की रुजतात. हिवाळ्यात अटलांटिक पाणी वरच्या थरापर्यंत पसरलं तर ही ढवळण तळापर्यंत पोहोचत नाही, बीजं खालीच राहतात, बहर लांबतो आणि डायटमांऐवजी फिओसिस्टिसचा होतो. डायटम जड, लवकर बुडतात आणि कार्बन तळाशी नेतात. फिओसिस्टिसचं तसं नाही. अ‍ॅडव्हेन्टफ्योर्डच्या अभ्यासकांनीही अटलांटिकचं पाणी वाढलं तर जिवांची निव्वळ कार्बन-उचल घटू शकते, असं म्हटलं आहे. तळाला नांगरलेल्या इंडआर्कच्या तापमानाच्या नोंदी आणि धक्क्याजवळच्या कार्बनच्या नोंदी शेजारी ठेवायच्या त्या यासाठी.

दोन, हिमनद्या. त्या मागे सरकत आहेत. समुद्रात उतरणारी हिमनदी जमिनीवर मागे हटली की तिचं पाणी तळाशी बाहेर न पडता ओढ्यासारखं वरून वाहत येतं. गाळ येतो, गोडं पाणी येतं, पण खालून पोषकद्रव्यं ओढून आणणारी ती उसळी बंद होते. उन्हाळ्यातली वाढ आणि किट्टीवेकांची मेजवानी दोन्ही तिच्यावर अवलंबून आहेत.

तिसरा बदल मात्र फ्योर्डमधून येत नाही, आपल्या धुराड्यांतून येतो. झेपेलिनवर वार्षिक सरासरी ४०० पीपीएम ओलांडून आता बरीच वर्षं झाली. हवा जितकी भरत जाईल तितकी दरी रुंद होते आणि फ्योर्ड जास्त कार्बन घेतं. पण घेतलेला प्रत्येक ग्रॅम पाण्यातलं कार्बोनेट खर्च करतो, आणि कार्बोनेट कमी झालं की मघाची ती तेरा-पंधरा पट आणखी वाढते. मग तेवढ्याच नायट्रेटवर, तेवढ्याच बहरानं दाब आधीपेक्षा जास्त खोल पडतो, आणि हिवाळ्यात तेवढ्याच कुजण्यानं जास्त उंच चढतो. जगभरच्या समुद्रांत पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा हा हंगामी हेलकावा मोठा होत चालल्याचं मोजण्यांतून दिसलं आहे. याचा पहिला फटका बसतो तो लिमासिना हेलिसिना या मसुराएवढ्या शंखजीवाला, ज्याला समुद्री फुलपाखरू म्हणतात. त्याचं कवच अ‍ॅरागोनाइटचं, म्हणजे कार्बोनेटच्या सहज विरघळणाऱ्या प्रकाराचं. कोंग्सफ्योर्डमधूनच पकडलेल्या लिमासिनांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, या शतकाच्या अखेरीस अपेक्षित असलेल्या आम्लतेत त्यांची कवच बांधण्याची गती २८ टक्क्यांनी घटली होती. हा जीव हिवाळा लहान पिल्लांच्या रूपात काढतो. वर्षातलं सगळ्यात कमी कार्बोनेट असलेलं पाणी आणि त्याचं सगळ्यात पातळ कवच हे दोन्ही एकाच महिन्यांत येतात.